दुसऱ्याच्या पैशाचा धर्म



भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहे. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात आणि रोहे म्हटले की चिंतामणराव देशमुख. 'कर्तव्य आणि परिणाम' हा विषय या दोन गावांच्या परिसरात बोलायचा, तर ग्रंथांकडे जाण्याआधी माणसांच्या घरातील पासबुकांकडे जावे लागते. कारण हा प्रश्न येथील घराघरांत एकदा येऊन गेलेला आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. सुमारे दोन लाख खातेदारांचे पैसे एका दिवसात अडकले. बनावट कर्जखाती, त्यांमधून वळविलेला पैसा आणि त्या पैशातून खरेदी केलेल्या जमिनी, असे चित्र पुढे तपासातून उभे राहिले. रक्कम शेकडो कोटींची होती. त्यानंतर मोर्चे निघाले, ठेवीदारांच्या समित्या स्थापन झाल्या, अटका आणि जप्त्या झाल्या, न्यायालयांच्या तारखा पडत राहिल्या. निवृत्त शिक्षकाची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, मूर्तींच्या हंगामात मिळविलेले आणि वर्षभर पुरवायचे कारागिराचे पैसे, हे सगळे 'दावे' या एका कोरड्या शब्दात जमा झाले.

या घटनेची कायदेशीर आणि राजकीय चर्चा पुष्कळ झाली. तिच्या पोटात दडलेल्या एका प्रश्नाची मात्र फारशी झाली नाही. कोणत्याही सहकारी बँकेतला एखादा हिशेबनीस डोळ्यांसमोर आणावा. तो कल्पित आहे, पण अनोळखी नाही. वर्षाअखेरीस खाती जुळविताना त्याला दिसते की काही कर्जदार केवळ कागदावरच आहेत. तो रात्री घरी जातो आणि विचार करतो. बोललो तर दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात रांग लागेल, बँक बसेल आणि ज्यांचा काडीचाही दोष नाही असे शेजारीपाजारी बुडतील. गप्प राहिलो तर बँक आज चालेल, उद्या चालेल, कदाचित संचालक पैसे परत भरतीलही. गावाचे भले कशात आहे? हा माणूस लबाड नाही. त्याने पैसा खाल्लेला नाही. तो परिणामांचा विचार करतो आहे, आणि तोही दुसऱ्यांच्या हिताचा. आर्थिक जीवनातील बहुतेक मोठी पापे अशा सज्जनांच्या मौनाच्या आधाराने उभी राहतात, हे कटू असले तरी खरे आहे.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर दिले गेले. ज्या कृतीने पुष्कळांचे पुष्कळ सुख साधते, ती कृती योग्य. बेंथॅम आणि मिल यांच्या नावाने ते ओळखले जाते. सरकारी अहवालांत, प्रकल्पांच्या खर्च-लाभाच्या तक्त्यांत आज जी भाषा दिसते, तिचे मूळ तेथे आहे. या उत्तराची मराठीतील सर्वांत कसून केलेली तपासणी लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात केली. 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ते अनेक घरांत कपाटात असते आणि वाचले कमी जाते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या ग्रंथात टिळकांनी एक उदाहरण घेतले आहे, आणि ते चक्क व्यापारी व्यवहाराचे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामची नितांत गरज होती. अधिकाऱ्यांची मंजुरी मिळेना. कंपनीच्या व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळविली. ट्राम सुरू झाली आणि शहरातील सर्वांची सोय झाली. पुढे लाचेचे प्रकरण उघडकीस आले, व्यवस्थापकावर खटला झाला आणि त्याला शिक्षा झाली. परिणामांच्या तराजूत पाहिले तर ही शिक्षा अन्यायाची म्हणावी लागेल. ट्राम तर लोकांनाच मिळाली होती. लाच देऊन आणलेली ट्राम आणि सरळ मार्गाने आणलेली ट्राम प्रवाशाला सारखीच उपयोगी. तरीही सर्वसामान्य माणसाला ही दोन कृत्ये सारखी वाटत नाहीत. त्या न वाटण्यालाच टिळकांनी महत्त्व दिले. बाहेर दिसणाऱ्या फळावरून कर्माची किंमत ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथपर्यंत बहुतेक श्रोत्यांची मान डोलेल. अडचण पुढे आहे. 'फळाची आशा धरू नये' या शिकवणुकीचा अर्थ 'परिणामांचा हिशेब करू नये' असा आपल्याकडे सर्रास केला जातो. कर्तव्य केले, आता जे व्हायचे ते होवो, असे म्हणून माणूस मोकळा होतो. वस्तुतः फळ आणि परिणाम या दोन गोष्टी निराळ्या आहेत. फळ म्हणजे कर्त्याच्या पदरात पडणारी प्राप्ती: पैसा, पद, कीर्ती, 'मी चांगला' हे समाधानसुद्धा. परिणाम म्हणजे त्या कर्मामुळे दुसऱ्यावर जे येते ते. पहिल्याची आसक्ती सोडायची आहे. दुसऱ्याचा विचार सोडला तर कर्तव्यच अर्धे राहते.

याची साक्षही पेण तालुक्यातच सापडते. गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. १८९५ साली त्यांचा जन्म तेथे झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीता जगण्यात उतरविण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाने १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाची पहिली शंभर एकर जमीन स्वीकारली. पुढे पायी फिरून त्यांनी चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळविली. कोणत्याही कायद्याच्या बडग्याशिवाय, केवळ कर्तव्याच्या हाकेला मिळालेला हा प्रतिसाद जगाच्या इतिहासात विरळा आहे. पण या यज्ञाचा हिशेबही मांडला पाहिजे. त्या जमिनीतील मोठा वाटा भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. काही खडकाळ होती, काहींवर वाद होते, काहींची कागदपत्रे कधीच पूर्ण झाली नाहीत. देणाऱ्याला दानाचे पुण्य मिळाले असेल, घेणाऱ्याच्या हाती मात्र नांगर चालेल अशी माती आली नाही. विनोबांच्या तपश्चर्येबद्दल नितांत आदर बाळगूनही हे म्हणता येते, किंबहुना म्हटलेच पाहिजे. दात्याचे कर्तव्य दानपत्रावर सही करून संपत नाही. ज्याला जमीन मिळायची त्याच्या शेतात पहिले पीक उभे राहीपर्यंत ते चालू असते.

मग कर्तव्य आणि परिणामांची दूरदृष्टी एकत्र नांदतात तरी कोठे? छत्रपती शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. चिपळूण परिसरात घोडदळाची छावणी होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. महाराज अंमलदारांना बजावतात की दाणावैरणीचा साठा पावसाळाभर पुरवून वापरा. आज उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील; कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी आणू लागेल. रयत परागंदा होईल आणि तिला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवाल, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. रयतेला त्रास द्यायचा नाही हे तेथे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्यासाठी उंदराच्या तोंडातील वातीपर्यंतचा परिणाम मोजलेला आहे. या हिशेबात स्वतःच्या लाभाचा आकडा कोठेही नाही.

आता रोह्याकडे वळू. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. घराणे रोह्याचे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणणारा हा माणूस आकड्यांतही तितकाच रमत असे. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, म्हणजे आजच्या या जिल्ह्याचेच प्रतिनिधी होते.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांनी आकाशवाणीवरून जीवनविम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-विदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा व्यवसाय सरकारच्या हाती आला. घोषणेपर्यंत कमालीची गुप्तता पाळली गेली, कारण आधी कुणकुण लागती तर जे रोखायचे होते तेच, म्हणजे विमेदारांच्या पैशाची पळवापळवी, घाईघाईने उरकले गेले असते. राष्ट्रीयीकरण हा सर्व रोगांवरचा उपाय आहे काय, यावर मतभेद असू शकतात. पुढच्या अनुभवाने ते वाढलेही. परंतु संसदेत या निर्णयाचे समर्थन करताना देशमुखांनी जो मुद्दा मांडला तो कोणत्याही मतप्रणालीच्या पलीकडचा आहे. विम्याचा पैसा हा विश्वस्ताचा पैसा आहे. भागधारकाने धोका पत्करून कंपनीत घातलेले भांडवल वेगळे आणि विधवेच्या, मुलाबाळांच्या भविष्यासाठी विश्वासाने सोपविलेली रक्कम वेगळी. हा भेद अनेक विमा कंपन्यांच्या चालकांना उमगलेलाच नाही, हे त्यांचे दुखणे होते.

या भेदावर थोडे थांबायला हवे. व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने धाडस करावे. जिंकला तर त्याचे, हरला तर त्याचे. तेथे परिणामांचा जुगार हा व्यवसायाचा भागच आहे, आणि अशा धाडसाशिवाय देश पुढे जात नाही. विश्वस्ताला मात्र ही मोकळीक नाही. 'मी हा पैसा थोडा वेळ वापरतो, दुप्पट करून परत ठेवतो, कोणाचेच नुकसान नाही' असे तो म्हणू लागला, की नुकसान व्हायच्या आधीच अपराध घडलेला असतो. दुप्पट होऊन परत आला तरीही! परिणामवादाला हे कधीच नीट समजावून सांगता आले नाही, आणि आपल्याकडील कोणत्याही आजीला ते समजावून सांगावे लागत नाही.

देशमुखांचा मुद्दा किती नेमका होता, हे दोन वर्षांच्या आत सिद्ध झाले, आणि दुर्दैव असे की ज्या महामंडळाची कायदेशीर पायाभरणी त्यांनी केली त्याच महामंडळात झाले. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारले गेले नव्हते. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगापुढे उघड चौकशी झाली. खरेदीचे समर्थन काय होते? कलकत्त्याचा शेअरबाजार कोसळू नये म्हणून ती केली! म्हणजे पुन्हा परिणाम, पुन्हा पुष्कळांचे हित. आयोगाला ते पटले नाही. १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून त्यांनी १९५६ मध्येच राजीनामा दिला होता. जुलै महिन्यात लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले: मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झालेला निर्णय, आणि मुंबईतील गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीस मिळालेला नकार. दुसरी पंचवार्षिक योजना त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेली. अशा वेळी अनुभवी अर्थमंत्र्याने जाणे देशाच्या तिजोरीला परवडणारे आहे काय, हा प्रश्न गैरलागू नव्हता. आत राहून अधिक काही साधता आले असते, असेही म्हणता येईल. राजीनाम्याने मुंबई मिळेल याची तर कोणतीच खात्री नव्हती. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी आला. १९५६ च्या जुलैत तो कोणालाही दिसत नव्हता. परंतु ज्या कुलाब्याने त्यांना निवडून पाठविले, त्या लोकांच्या वतीने ते पदावर होते. मतदारांनी सोपविलेला विश्वास हीसुद्धा एक ठेवच असते, आणि ती मोडून पद टिकविणे त्यांना मान्य झाले नाही.

आता पुन्हा त्या कल्पित हिशेबनीसाकडे जाऊ. त्याने काय करावे? बोलावे, हे उत्तर सोपे आहे; पण ते सोपेपणाने देऊ नये. तो बोलला तर काही निरपराध ठेवीदारांचे नुकसान होणारच. पेणच्या संकटाच्या वेळी ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आली २०२१ मध्ये. मुळात ही विमा योजनाच आली १९६२ साली, १९६० मधील पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी बँकेच्या पतनानंतर. प्रत्येक संरक्षण कोणाच्या तरी बुडण्यानंतर आले आहे. म्हणून बोलणाऱ्याची किंमत शून्य आहे असे त्याला खोटेच सांगू नये.

पण त्याच्या मौनाचा हिशेब कोठे चुकतो तेही पाहावे. तो आज रांगेत उभे राहणारे ठेवीदार मोजतो. उद्या, परवा, पुढील तीन वर्षे त्याच खिडकीवर येऊन नवी ठेव ठेवणारे तो मोजत नाही. त्यांना पावती देताना त्याचाच शिक्का उमटत असतो. बँक बुडणार हे ठाऊक असताना स्वीकारलेली प्रत्येक ठेव ही त्याच्या हातून झालेली फसवणूक आहे, मग त्याचा हेतू कितीही कोमल असो. शिवाय गप्प राहण्यामागे गावाचे हित किती आणि स्वतःची नोकरी, संचालकांशी असलेला घरोबा, सणासुदीला मिळणारा मान किती, याची उलटतपासणी त्याने रात्री एकट्याने केली पाहिजे. फळाची आसक्ती परिणामांच्या चिंतेचा वेष घेऊन येते. छोट्या गावात, जेथे सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे हा वेष ओळखणे फार अवघड जाते. सहकाराचे बळ ओळखीत आहे आणि त्याचा घातही ओळखीतच आहे.

विश्वस्त कोण, हा प्रश्न बँकेपुरता नाही. २००५ च्या कायद्यानंतर पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील गावांवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा आराखडा आला. रोजगार, निर्यात, गुंतवणूक यांचे मोठे आकडे होते, आणि ते सगळेच खोटे होते असे मानण्याचे कारण नाही. एका बाजूला देशाच्या वाढीचा हिशेब आणि दुसऱ्या बाजूला खारभूमीत बांध घालून भात पिकविणारी गावे. याच शिवारासाठी हेटवणे धरण बांधलेले. पुष्कळांच्या सुखाचा तक्ता मांडला तर बावीस गावे ही फार छोटी संख्या. पण त्या तक्त्यात सुख ज्यांना मिळायचे ते एक आणि जमीन ज्यांची जायची ते दुसरे. ज्याला सोसायचे आहे त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने बेरीज-वजाबाकी करण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

येथे विचारले गेले, हे विशेष. २१ सप्टेंबर २००८ रोजी, रविवारी, हेटवणेच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या बावीस गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. कौल जमीन देण्याच्या विरुद्ध गेला. पुढे संपादनाची मुदत सरली आणि प्रकल्प बारगळला. त्या नकाराचेही परिणाम झाले. कारखाने आले नाहीत, काही घरांतील तरुणांना नोकरीसाठी बाहेरच जावे लागले, आणि धरणाचे पाणी सगळ्या शिवारांपर्यंत पोचण्याची वाट पाहणे नंतरही अनेक वर्षे चालूच राहिले. मत देताना हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते असे समजणे त्यांचा अपमान करणारे ठरेल. सप्टेंबरअखेरीस भात पोटरीतून बाहेर येते. त्या रविवारी मतदान आटोपून माणसे घरी परतली तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना ते उभे होते.